देवळे वर गेली, माणसे कुठे गेली?

(इजिप्तच्या सहलीवरून एक अभ्यास-लेख : इयत्ता सहावी ते दहावीसाठी)



मागील डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि माझी मुलगी इजिप्त देश पाहून आलो. ती सातवीत आहे. तिच्या आईला त्या दिवसांत रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही बाप-लेक दोघेच निघालो. परत आल्यापासून तुमच्यापैकी बरेच जण मला मधल्या सुट्टीत गाठून विचारतात, "सर, पिरॅमिड खरंच एवढे मोठे आहेत का?" आहेत. पण या लेखात पिरॅमिडबद्दल थोडे आणि दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल जास्त लिहिणार आहे. ती गोष्ट मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवत आलो, आणि अर्धीच शिकवत आलो. हे मला माझ्या मुलीच्या एका प्रश्नामुळे कळले. म्हणून आधी चूक कबूल करतो आणि मग पाठ सुरू करतो.

निघण्यापूर्वी मी तिला एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितले की रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन रकाने भरायचे. पहिला 'पाहिले', दुसरा 'विचारले' आणि तिसरा 'राहिले'. जे पाहिले पण समजले नाही, ज्याचे उत्तर कोणी दिले नाही, ते तिसऱ्या रकान्यात. पहिले दोन दिवस तिचा पहिला रकाना भरून वाहत होता आणि तिसरा रिकामा होता. सहल संपली तेव्हा नेमके उलटे झाले होते.

मिस्र की इजिप्त?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात या देशाचे नाव 'मिस्र' आणि नदीचे नाव 'नील' असे होते. मराठी पुस्तकांत 'इजिप्त' आणि 'नाईल' असे छापतात. घरी मी मिस्र म्हटले की मुलगी हसायची. कैरोच्या विमानतळावर उतरल्यावर तिने आमच्या वाटाड्याला विचारले, "तुम्ही तुमच्या देशाला काय म्हणता?" तो म्हणाला, "मस्र." आणि नदीला? "नील." तेव्हा मी जरा ताठ मानेने चाललो. अरबी भाषेतील नाव फारसी-उर्दूच्या वाटेने हिंदीत आले, आणि 'इजिप्त' हे ग्रीकांनी दिलेले नाव इंग्रजीमार्फत मराठीत आले. एकाच देशाची दोन नावे आपल्या घरात दोन वाटांनी आली आहेत. आपण इंदूरची मराठी माणसे दोन भाषांच्या मध्ये राहतो, त्याचा असा फायदा कधी कधी होतो.

बाजारात आणखी एक नाव ऐकू आले. आम्ही भारतीय आहोत हे कळताच दुकानदार दुरूनच ओरडत, "अमिताभ बच्चन!" हिंदी चित्रपट तिथे फार वर्षांपासून लोकप्रिय आहेत. त्यामुळे भाव मात्र कमी झाला नाही.

दगड कोणी वाहिले?

गिझाचे पिरॅमिड वाळवंटात एकटे उभे असतील असे आपल्याला चित्रांवरून वाटते. प्रत्यक्षात शहराची वस्ती त्यांच्या जवळपास येऊन पोहोचली आहे. सर्वांत मोठा पिरॅमिड राजा खुफू याचा. तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी बांधला गेला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत असे मानतात. माणसाने बांधलेली जगातील सर्वांत उंच वास्तू हा मान त्याच्याकडे जवळजवळ ३८०० वर्षे होता.

मुलीने मान वर करून पाहिले आणि विचारले, "बाबा, हे दगड कोणी वाहिले?"

हा प्रश्न अगदी योग्य होता आणि सुदैवाने याचे उत्तर मला ठाऊक होते. पिरॅमिड गुलामांनी चाबकाचे फटके खात बांधले असे चित्रपटांत दाखवतात. पण १९९० मध्ये गिझाजवळ, पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची थडगी सापडू लागली. राजाच्या पिरॅमिडशेजारी मानाने पुरलेली ही माणसे गुलाम नसावीत असे अभ्यासक मानतात. त्यांच्या वस्तीत भाकरी भाजण्याच्या जागा सापडल्या. काही सांगाड्यांची मोडलेली हाडे नीट बसवून जुळून आलेली दिसली, म्हणजे त्यांच्यावर उपचार होत होते.

आणि २०१३ मध्ये तर तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे चक्क एक रोजनिशी सापडली. मेरेर नावाच्या एका मुकादमाची. पपायरसवर लिहिलेली. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत घालून नदीमार्गे गिझाला कसे नेले, कोणत्या दिवशी किती प्रवास झाला, याची त्यात नोंद आहे. लिहिलेल्या पपायरसांपैकी आजवर सापडलेले हे सर्वांत जुने आहेत.

"म्हणजे त्याच्याकडे पण वही होती," मुलगी म्हणाली. त्या रात्री तिने न सांगता वही भरली.

राजाचे नाव पिरॅमिडमुळे राहिले. पण दगड वाहणाऱ्याचे नाव राहिले ते त्याने लिहून ठेवले म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नदी उलटी वाहते?

कैरोहून आम्ही रात्रीच्या गाडीने दक्षिणेला अस्वानला गेलो. अंतर सुमारे ८८० किलोमीटर. सकाळी खिडकीतून पाहिले तर एका बाजूला नदी, तिच्या काठाने हिरवी शेते आणि खजुराची झाडे, आणि त्यांच्या लगेच पलीकडे कोरडे वाळवंट. हिरव्या पट्ट्यात एक पाय आणि वाळूत दुसरा पाय ठेवून उभे राहता येईल अशा जागा आहेत. 'इजिप्त ही नाईलची देणगी' हे वाक्य आपण पाठ करतो. गाडीच्या खिडकीतून ते पाठ करावे लागत नाही.

इथे एक गंमत आहे. देशाच्या दक्षिण भागाला 'वरचा इजिप्त' म्हणतात आणि उत्तर भागाला 'खालचा इजिप्त'. नकाशात वर उत्तर असते, म्हणून मुलगी गोंधळली. पण नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. जुन्या लोकांनी वर-खाली हे नकाशावरून ठरवले नाही, पाण्यावरून ठरवले. ज्या बाजूने पाणी येते ते वर.

अस्वानचे उंच धरण

या नदीला दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी पूर येत असे. इथिओपियाच्या डोंगरात पडलेला पाऊस गाळ घेऊन येई आणि शेतांवर पसरे. त्या गाळावर हजारो वर्षे पिके आली. पण पूर कमी आला तर दुष्काळ आणि जास्त आला तर नुकसान. म्हणून अस्वानला १९०२ मध्ये पहिले धरण पूर्ण झाले. ते पुढे दोनदा उंच केले. तरी पुरेना. देशाची लोकसंख्या वाढत होती. मग राष्ट्राध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी प्रचंड मोठे धरण बांधायचे ठरवले. १९५६ मध्ये अमेरिका व ब्रिटनने मदत नाकारली, तेव्हा नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. पुढे सोव्हिएत संघाच्या साहाय्याने १९६० मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९७० मध्ये पूर्ण झाले.

आम्ही या धरणावर उभे राहिलो. लांबी सुमारे ३.८ किलोमीटर, उंची १११ मीटर, पायाशी रुंदी जवळजवळ एक किलोमीटर. वीज निर्माण करण्याची क्षमता २१०० मेगावॉट. त्यामागे साठलेले नासर सरोवर सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि थेट सुदानमध्ये शिरते. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेत भीषण दुष्काळ पडला, तेव्हा या साठ्याने इजिप्तला वाचवले. गाळ मात्र आता धरणामागे अडतो. शेतीला रासायनिक खत घालावे लागते आणि समुद्राकाठी त्रिभुज प्रदेशाची जमीन झिजते. फायदा आणि तोटा दोन्ही वहीत लिहायला सांगितले. मुलीने लिहिले.

देऊळ कसे उचलले?

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता बस निघाली. अस्वानहून अबू सिंबेल सुमारे २८० किलोमीटर. दोन्ही बाजूंना फक्त वाळवंट. हीच ती जागा, जिची गोष्ट मी दर वर्षी वर्गात रंगवून सांगतो.

रामसेस दुसरा या राजाने सुमारे ३२५० वर्षांपूर्वी एका डोंगरात दोन देवळे कोरून घेतली. आपल्या वेरूळसारखी, कड्यात खोदलेली. मोठ्या देवळाच्या दाराशी राजाच्याच चार बसलेल्या मूर्ती आहेत, प्रत्येकी सुमारे २० मीटर उंच. म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढ्या. शेजारचे लहान देऊळ राणी नेफरतारी आणि हाथोर देवी यांच्यासाठी. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात चार मूर्ती आहेत, आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व ऑक्टोबर महिन्यांत, उगवत्या सूर्याचे किरण आतपर्यंत जाऊन तीन मूर्तींवर पडतात. चौथा देव प्ताह. तो सावलीतच राहतो.

नवे धरण झाले की हे सर्व पाण्याखाली जाणार होते. १९६० मध्ये युनेस्कोने जगाला मदतीचे आवाहन केले. सुमारे ५० देशांनी हात लावला. त्यांत आपला भारतही होता. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक १९६१-६२ मध्ये तेथे उत्खननाला गेले होते.

देवळे १९६४ ते १९६८ या काळात हलवली. पद्धत अशी :

१. प्रथम देवळांसमोर तात्पुरता बांध घातला, कारण सरोवराचे पाणी चढू लागले होते.

२. वरचा डोंगर फोडताना दगड मूर्तींवर पडू नयेत म्हणून दर्शनी भागावर वाळूचा ढीग घातला.

३. मग देवळे करवतींनी कापली. यंत्राने घाई केली नाही. कोरीव भागावर करवतीची रेघ काही मिलिमीटरपेक्षा रुंद होऊ दिली नाही. एकूण हजाराहून अधिक तुकडे झाले, सरासरी २० टन वजनाचे. प्रत्येकावर क्रमांक घातला.

४. ते सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडले. सूर्यकिरणांची दिशा बिघडू नये अशी काळजी घेतली.

५. वर सिमेंट-काँक्रीटचा मोठा घुमट बांधला आणि त्यावर दगड-माती घालून नवा डोंगर तयार केला.

चार मूर्तींपैकी एक प्राचीन काळीच भूकंपात मोडली होती. तिचे डोके व धड पायाशी पडलेले होते. ते तुकडेही उचलून, पूर्वी जसे पडलेले होते तसेच पुन्हा ठेवले. एवढा तपशील पाळला.

मी हे सर्व मुलीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आजूबाजूचे दोन-चार भारतीय पर्यटकही ऐकू लागले. माझ्यातला मास्तर जागा झाला होता. ती शांतपणे ऐकत होती. मग सरोवराकडे पाहत तिने विचारले :

"बाबा, एवढं मोठं सरोवर झालं. इथे गावं नव्हती का?"

"होती."

"मग देवळं उचलली, माणसं कुठे गेली?"

मित्रांनो, माझ्याकडे उत्तर नव्हते. 'त्यांचे पुनर्वसन झाले असेल', एवढेच म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिसऱ्या रकान्यात लिहून घेतले. मला मूर्तीच्या तुकड्यांचे वजन पाठ होते. माणसांची संख्या माहीत नव्हती.

माणसांचे काय झाले

उत्तर अस्वानमध्येच होते. तेथे १९९७ मध्ये सुरू झालेले नुबिया संग्रहालय आहे. दुपारी दमून आलो होतो, तरी गेलो.

अस्वानच्या दक्षिणेपासून सुदानपर्यंत नाईलच्या काठचा प्रदेश म्हणजे नुबिया. तेथे नुबियन लोक हजारो वर्षे राहत आले. त्यांची भाषा अरबीपेक्षा वेगळी. मध्ययुगात ती स्वतःच्या लिपीत लिहिलीही जात होती. नदीकाठी मातीची ऐसपैस घरे, मोठे अंगण, बाहेरच्या भिंतींवर रंगीत नक्षी. पहिल्या धरणाने आणि त्याची उंची वाढवताना त्यांची शेते व खजुराची झाडे बुडाली. प्रत्येक वेळी त्यांनी घरे थोडी वर चढवून बांधली. पण उंच धरणापुढे वर चढायला जागाच उरली नाही.

१९६३-६४ मध्ये इजिप्तमधील सुमारे ५० हजार नुबियन लोकांना अस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोजवळ नेले. सुदानच्या बाजूलाही जवळपास तितक्याच लोकांना दूर खश्म अल-गिरबा येथे हलवले. नव्या गावांना जुन्या गावांचीच नावे दिली. पण घरे एकाला एक लागून, सरळ रांगांत होती, आणि मुख्य म्हणजे नदी दूर होती. जिच्या काठी जन्म, लग्न आणि मृत्यू यांचे सारे विधी होत, ती नदीच दिसेनाशी झाली. इजिप्तच्या २०१४ च्या संविधानात नुबियन लोकांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ भागात परत आणण्याची तरतूद केली होती. ती मुदत २०२४ मध्ये उलटली. परत जाण्याची त्यांची इच्छा अजून मिटलेली नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही नावेतून नदीच्या पश्चिम तीरावरील गर्ब सोहेल या नुबियन गावी गेलो. निळी-पिवळी घरे, घुमटाची छपरे, पर्यटकांसाठी मसाल्यांची दुकाने. काही घरांत पर्यटकांना दाखवायला मगरीही पाळल्या आहेत. आमचा नावाडी साठीचा गृहस्थ होता आणि त्याला कामापुरते इंग्रजी येत होते. मुलीने त्याला विचारले, "अंकल, तुमचं गाव हेच का?"

तो म्हणाला, "माझा जन्म कोम ओम्बोचा. माझं गाव पाण्याखाली आहे. मी ते कधी पाहिलं नाही."

मग त्याने आजीची आठवण सांगितली. निघायच्या दिवशी आजीने पहाटे उठून सगळे घर झाडले, अंगणात पाणी शिंपडले, दाराला कुलूप लावले आणि किल्ली बरोबर घेतली. घर बुडणार हे तिला ठाऊक होते. कोणी तरी विचारले, आता झाडतेस कशाला? ती म्हणाली, घाणेरडे घर सोडून जायचे नसते.

नाव पाण्यावर होती. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले की घरी तुम्ही कोणती भाषा बोलता. तो म्हणाला, "मी बायकोशी नुबियन बोलतो. नातवंडांशी पण बोलतो. पण ती मला अरबीत उत्तर देतात. शाळेत अरबी ना."

मुलगी एकदम म्हणाली, "आमच्याकडे पण! आजी मराठीत विचारते आणि मी हिंदीत सांगते."

नावाडी हसला. मलाही हसू आले, पण पूर्ण नाही. आपल्या शाळेच्या आवारात मधल्या सुट्टीत मी जे ऐकतो तेही हेच. अस्वानजवळच फिले नावाचे दुसरे देऊळ आहे. तेही १९७० नंतरच्या दशकात शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवले. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतील, तारीख असलेला सर्वांत अखेरचा लेख त्या देवळात आहे, इ.स. ३९४ चा. त्यानंतर ती लिपी वाचणारे कोणी उरले नाही आणि सुमारे चौदाशे वर्षे भिंती मुक्या राहिल्या. देऊळ क्रमांक घालून उचलता येते. भाषेला क्रमांक घालता येत नाही. ती रोज बोलणाऱ्यांच्या तोंडीच राहते किंवा जाते.

आपल्या घराजवळ

पुढे आम्ही लक्सरला कर्नाकच्या देवळातील १३४ खांबांचा मंडपही पाहिला. फार भव्य आहे. पण वहीत त्याला चारच ओळी मिळाल्या. परतीच्या विमानात मुलीने विचारले, "आपल्याकडे असं झालंय का?"

झाले आहे, आणि फार दूर नाही. खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर इंदिरा सागर धरण आहे. त्याची वीजनिर्मितीची क्षमता १००० मेगावॉट. तुम्ही ज्या दिव्याखाली अभ्यास करता त्यात तिथलीही वीज असते. त्या जलाशयासाठी सुमारे अडीचशे गावे पूर्ण किंवा काही अंशी बुडाली आणि २००४ मध्ये हरसूद हे भरले शहर रिकामे करावे लागले. त्याच जलाशयात संत सिंगाजींचे समाधिस्थान आहे. त्याभोवती उंच परकोट बांधून ते राखले आहे, आज ते पाण्याच्या मधोमध उभे आहे. श्रद्धास्थान राखले हे चांगलेच झाले. पण हरसूदचे लोक कुठे गेले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? काही छनेरा येथे वसवलेल्या नव्या हरसूदला गेले. बाकीचे इकडे-तिकडे पांगले.

त्यांतले एक आपल्या शाळेतच आहेत. आपली घंटा वाजवणारे काका हरसूदचे. हे मला जानेवारीत कळले. बरीच वर्षे आम्ही रोज एकमेकांना नमस्कार करतो, पण 'तुमचं गाव कोणतं' हे मी कधी विचारलेच नव्हते. मुलीने विचारले. काका म्हणाले, "घर आम्हीच पाडलं, बेटा. विटा नेल्या, दारं नेली. चौकट अजून माझ्या खोलीत उभी आहे. तिला बसवायला भिंत नाही."

त्यांच्या परवानगीने हे लिहिले आहे. पुढच्या महिन्यात ते आठवीच्या वर्गात येऊन हरसूदच्या बाजाराबद्दल सांगणार आहेत. निमाडी मिश्रित हिंदीत सांगतील, तुम्ही मराठीत लिहून घ्या.

या पाठातून काय घ्यायचे

धरण वाईट असे मी म्हणत नाही. इजिप्तला पाणी हवे होते आणि आपल्यालाही हवे आहे. अबू सिंबेलचे काम माणसाच्या बुद्धीचे आणि देशादेशांतील सहकार्याचे मोठे उदाहरण आहे, आणि मी ते पुढेही शिकवणार आहे. फक्त आता त्या तासाला आणखी दहा मिनिटे लागतील.

सहलीला जाल तेव्हा जे दाखवतात ते मन भरून पाहा. मग स्वतःला विचारा : हे कोणी बांधले? हे वाचवताना काय वाचले नाही? इथे पूर्वी कोण राहत होते? वाटाड्या सांगणार नाही, कारण त्याला वेळ नसतो. तुम्हाला विचारावे लागेल. विचारायला परदेशी जायची गरज नाही. मांडूला जा, महेश्वरला जा, नाही तर शाळेच्या फाटकापर्यंत जा.

स्वाध्याय

१. नाईल व नर्मदा या नद्यांची तुलना करा : उगम, वाहण्याची दिशा, मुख्य धरणे.

२. दक्षिण भागाला 'वरचा इजिप्त' का म्हणतात? नकाशा काढून दाखवा.

३. अस्वानच्या उंच धरणाचे तीन फायदे व तीन तोटे लिहा. तोटे कोणाच्या वाट्याला आले तेही लिहा.

४. अबू सिंबेलची देवळे हलवण्याच्या पाच पायऱ्या स्वतःच्या शब्दांत सांगा.

५. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा : आपले कुटुंब इंदूरला कधी व कुठून आले? निघताना काय बरोबर आणले? कमीत कमी एक पान लिहा, मराठीत.

६. एक आठवडाभर वहीत 'पाहिले, विचारले, राहिले' असे तीन रकाने भरा. शनिवारी मला दाखवा. तिसरा रकाना रिकामा असेल तर वही तपासणार नाही.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे पुढील अंकात छापू. माझ्या मुलीने तिचे उत्तर लिहायला घेतले आहे. काल तिने आजीला मराठीत विचारले आणि आजीनेही जुन्या ट्रंकेतून काहीतरी काढून दाखवले. काय ते तिच्या लेखात वाचा.